देवळाली संख्या ओळखायची कशी: पिनकोडपासून ७२ लाख अंकी मूळ संख्येपर्यंत

नाशिकमध्ये काप्रेकर मास्तरांचं नाव निघालं की गप्पा ६१७४ वर येऊन थांबतात. ती संख्या गमतीची आहेच: सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येते. पण दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते, आणि त्यांनी मांडलेली आणखी एक कल्पना माझ्या मते ६१७४ पेक्षा खोल आहे. तिला आपल्याच गावाचं नाव मिळालंय: देवळाली संख्या. बाहेरच्या पुस्तकांत ‘सेल्फ नंबर’ म्हणून शोधलंत तरी हीच सापडेल.

ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी या गणितज्ञानं एक गोष्ट दाखवून दिली. २ चा २,४०,३६,५८३ वा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. जी संख्या उरते ती मूळ आहे हे आधीच माहीत होतं. ती देवळाली संख्याही आहे, हे पेबडीनं दाखवलं. ही संख्या ७२,३५,७३३ अंकी. एका पानावर तीन हजार अंक बसवले तरी चोवीसशेच्या वर पानं लागतील.

एवढ्या मोठ्या संख्येचा असला गुण तपासायचा कसा, ते इथे पायरीपायरीनं सांगतो. सातवी-आठवीचं गणित पुरेसं आहे. वही-पेन घेऊन बसा, नुसतं वाचू नका. कॉम्प्युटर फक्त शेवटच्या पायरीला लागेल. तोवर सरावाला नाशिकचे पिनकोड आहेत.

पायरी १: जनक म्हणजे काय ते हातानं करून बघा

कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ घेतली तर ४ + ७ = ११, आणि ४७ + ११ = ५८. म्हणजे ४७ ही ५८ ची जनक. तसंच पुढे चला: ५८ वरून ७१, ७१ वरून ७९, ७९ वरून ९५, ९५ वरून १०९. ही साखळी कधीच संपत नाही. प्रश्न उलट्या दिशेचा आहे: प्रत्येक संख्येला मागे जनक सापडतो का?

२० चा शोधा. ८ वरून १६ येतात, ९ वरून १८, १० वरून ११, १४ वरून १९ आणि १५ वरून एकदम २१. पुढे १६ वरून २३, १७ वरून २५, असं वाढतच जातं. २० वर कुणीच येऊन पडत नाही. २० ला जनक नाही, म्हणून २० ही देवळाली संख्या.

शंभरापर्यंत अशा तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. ही यादी वहीच्या कोपऱ्यात लिहून चौकट करा, पुढे सारखी लागणार आहे. ९ पासून ९७ पर्यंत अकरा-अकराच्या उड्या आहेत हे लक्षात आलं असेल. पुढची १०८ सुद्धा अकरानंच येते, पण तिच्यानंतरची ११०. नियम सापडला म्हणेपर्यंत हातातून निसटतो, हा या संख्यांचा स्वभाव आहे. यादीतल्या ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७ मूळ संख्याही आहेत. दोन्ही गुण एकत्र असलेल्या त्यांच्या पुढच्या संख्या म्हणजे २११, २३३, २७७.

उलट टोकाच्या संख्याही असतात, ज्यांना एकाहून जास्त जनक आहेत. १०१ घ्या: ९१ + १० = १०१ आणि १०० + १ = १०१. काप्रेकर अशांना जंक्शन संख्या म्हणत. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या १,००,००,००,००,००,००१ (दहाचा तेरावा घात अधिक एक) हीदेखील त्यांनीच शोधली. तिचे तीन जनक शोधून बघा. पहिला डोळ्यांसमोरच आहे, बाकीच्या दोघांत नवांची रांग आहे.

पायरी २: मूळ आहे का ते वेगळं तपासा

नवखे इथे घोटाळा करतात. मूळ असणं आणि देवळाली असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मूळपण गुणाकारावरून ठरतं, संख्या दशमान पद्धतीत लिहा नाहीतर दोनच्या पद्धतीत, ते बदलत नाही. देवळालीपण दहाच्या पद्धतीत लिहिलेल्या अंकांवर उभं आहे. म्हणूनच काही गणिती या प्रकाराला निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारतात. सारू देत. अंकांवर आधारलेले प्रश्न सोपे दिसतात आणि सोडवायला बसलं की घाम फोडतात, एवढं कारण मला पुरेसं आहे.

तर, आधी मूळपण. देवळाली कॅम्पचा पिनकोड ४२२४०१. सातनं भागा: ७ × ६०३४३ = ४२२४०१. निकाल लागला, मूळ नाही. पंचवटीचा ४२२००३ जरा जास्त वेळ टिकतो. ३, ७, ११, १३, १७, १९, २३, २९ कुणालाच दाद देत नाही, आणि ३१ ला पडतो: ३१ × १३६१३. नाशिकच्या मुख्य पोस्टाचा ४२२००१ तर अंकांची बेरीज ९ असल्यामुळे सरळ नऊनं जातो.

आता नाशिक रोड, ४२२१०१. कुठवर भागत बसायचं? वर्गमुळापर्यंत. ६४९ चा वर्ग ४,२१,२०१ आणि ६५० चा ४,२२,५००, म्हणजे ६४७ ही शेवटची मूळ संख्या तपासली की काम झालं. २ पासून ६४७ पर्यंत ११८ मूळ संख्या आहेत. एक निवांत संध्याकाळ काढा आणि खरंच भागून बघा. सातनं भागलं की १ उरतो. ६७ नं भागलं तर ६३०० पूर्ण जातात आणि पुन्हा १ च उरतो. जीव वरखाली होतो अशा ठिकाणी. ६४७ ला बाकी २५७. कुणालाच पूर्ण भाग जात नाही. नाशिक रोडचा पिनकोड मूळ संख्या आहे.

ही भागाकाराची पद्धत सहा अंकांना ठीक. ७२ लाख अंकांसाठी तिचा विचारही नको. त्याला वेगळा रस्ता आहे, तो पायरी ५ मध्ये.

पायरी ३: जनक शोधायला नवाची बाकी वापरा

४२२१०१ ला जनक आहे का? सहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४, म्हणजे जनक असलाच तर मागच्या ५४ संख्यांत असणार. चोपन्न बेरजा कोण करत बसणार? म्हणून ही युक्ती.

कुठल्याही संख्येला नवानं भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागूनही उरते. आता संख्या = जनक + जनकाच्या अंकांची बेरीज. उजवीकडच्या दोन्ही पदांची बाकी सारखीच, म्हणजे संख्येची बाकी ही त्या बेरजेच्या बाकीच्या दुप्पट. आपल्याला उलटं जायचंय, दुपटीवरून मुळावर. त्यासाठी संख्येची बाकी ५ नं गुणा आणि पुन्हा नवानं भागा. दोनदा पाच दहा आणि दहाची बाकी एक, म्हणून पाचनं गुणलं की दुप्पट उलटते.

४२२१०१ च्या अंकांची बेरीज १०, बाकी १. पाचनं गुणलं, ५. म्हणजे जनकाच्या अंकांची बेरीज ५, १४, २३, ३२, ४१ किंवा ५० यांपैकीच असायला हवी. चोपन्नाचे सहा झाले. एकेक वजा करून बघा:

४२२१०१ − ५ = ४२२०९६, बेरीज २३, हवी होती ५. नाही.
४२२१०१ − १४ = ४२२०८७, बेरीज २३, हवी १४. नाही.
४२२१०१ − २३ = ४२२०७८, बेरीज २३, हवी २३. सापडला.

नाशिक रोडचा पिनकोड मूळ आहे, पण देवळाली नाही. आता गंमत बघा. देवळाली कॅम्पच्या ४२२४०१ ला हीच पद्धत लावा: बेरीज १३, बाकी ४, पाचपट २०, बाकी २. उमेदवार २, ११, २०, २९, ३८, ४७. वीस वजा केले की ४२२३८१ येतात आणि त्यांच्या अंकांची बेरीज बरोब्बर २०. म्हणजे देवळालीचा पिनकोडच देवळाली संख्या नाही! पंचवटीच्या ४२२००३ लाही जनक आहे, ४२१९७५. ४२२००१ मध्ये ९ मिळवले तर अंबडचा ४२२०१० येतो, म्हणजे मुख्य पोस्ट हे अंबडचं जनक.

उमेदवार किती असतात याचा नियम सोपा आहे: संख्या जेवढ्या अंकी, तेवढे उमेदवार. सहा अंकांना सहा. हे ध्यानात ठेवा, कारण ७२ लाख अंकांना ७२ लाख उमेदवार होतात आणि तिथे ही पायरी एकटी पुरत नाही.

पायरी ४: शेपूट तोडा

सगळ्या लेखात मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, तेव्हा इथे घाई नको.

सहा अंकी संख्येत जनक फार तर ५४ नं मागे असतो. शंभराहून कमी. म्हणजे जनकाचे पहिले चार अंक एक तर तेच राहतील, नाहीतर हातचा घ्यावा लागल्यामुळे एकनं कमी होतील. तिसरी शक्यता नाही. मग संख्या दोन तुकड्यांत तोडा: डोकं म्हणजे पहिले चार अंक, शेपूट म्हणजे शेवटचे दोन.

पहिली शक्यता, हातचा नाही. डोक्याच्या अंकांची बेरीज ठरलेली आहे, ती शेपटातून वजा करा. जे उरेल, त्याचा दोन अंकांतला जनक शोधा.

दुसरी शक्यता, हातचा घेतला. शेपटात १०० मिळवा, डोकं एकनं कमी करा, त्या नव्या डोक्याच्या अंकांची बेरीज वजा करा. जे उरेल, त्याचाही दोन अंकांतला जनक शोधा.

दोन्हीकडे जनक मिळाला नाही तर संख्या देवळाली.

शरणपूर रोडचा ४२२००२ घेऊ. डोकं ४२२०, शेपूट ०२. डोक्याची बेरीज ८, आणि २ मधून ८ जात नाहीत, पहिली शक्यता बाद. दुसरीत शेपूट १०२, डोकं ४२१९, त्याची बेरीज १६, उरले ८६. चौकटीतली यादी बघा: ८६ देवळाली आहे, तिला जनक नाही. खेळ संपला. ४२२००२ ही देवळाली संख्या.

त्याच्यापासून अकरा पुढे, गंगापूर रोडवर आनंदवल्लीकडचा ४२२०१३. डोकं तेच, शेपूट १३. पहिली शक्यता: १३ − ८ = ५. पाच देवळाली. दुसरी: ११३ − १६ = ९७. सत्त्याण्णवही देवळाली. दोन्ही दरवाजे बंद, म्हणून ४२२०१३ देखील देवळाली. सहा अंकी संख्येचा निकाल ५ आणि ९७ या दोन छोट्या संख्यांनी दिला. मोठ्या संख्येचा जनक शोधणं म्हणजे दोन लहान संख्यांचे जनक शोधणं, एवढंच असतं.

अर्थात या दोन्ही पिनकोडांपैकी मूळ एकही नाही. ४२२००२ सम आहे आणि ४२२०१३ तीननं जातो.

सरावाला गाड्यांचे नंबर उत्तम. मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभं असताना समोरच्या एमएच १५ पुढचे चार अंक घ्या, दोन-दोनमध्ये तोडा आणि दिवा हिरवा व्हायच्या आत निकाल लावा. दोन सूचना. वजाबाकीत शून्य उरलं तर जनक आहे असंच समजा, शेपूट ०० धरून: ४२२००८ मध्ये ८ − ८ = ०, आणि जनक ४२२०००. आणि शंभराच्या पुढचा आकडा आला तर त्याचा जनक दोन अंकीच हवा, तीन अंकी चालणार नाही. १०१ उरले तर ९१ चालेल, १०० नाही.

पायरी ५: मर्सेन संख्यांशी ओळख

आपली ७२ लाख अंकी संख्या मर्सेन जातीची आहे. दोनचा घात घ्यायचा, एक वजा करायचा. घात मूळ नसेल तर संख्याही मूळ नसते: १५ हा ३ × ५, म्हणून २ चा १५ वा घात वजा १, म्हणजे ३२७६७, याला ७ नंही भाग जातो आणि ३१ नंही. घात मूळ असला म्हणजे काम झालं असंही नाही. ११ मूळ, पण २०४७ = २३ × ८९.

मग मूळ आहे हे कसं कळतं? ल्युका आणि लेहमर यांची कसोटी. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या मर्सेन संख्येनं भागून बाकी ठेवा. असं घातापेक्षा दोननं कमी इतक्या वेळा करा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर नाही. घात ७ असलेल्या १२७ साठी हे पाच वेळा करायचं आणि हातानं होतं:

४ चा वर्ग १६, वजा २, १४.
१४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. १२७ काढले, ६७.
६७ चा वर्ग ४४८९, वजा २, ४४८७, बाकी ४२.
४२ चा वर्ग १७६४, वजा २, १७६२, बाकी १११.
१११ चा वर्ग १२३२१, वजा २, १२३१९; आणि १२७ × ९७ = १२३१९. बाकी शून्य.

१२७ मूळ. आपल्या मोठ्या संख्येसाठी हेच २,४०,३६,५८१ वेळा करायचं, आणि दर वेळी ७२ लाख अंकी संख्येचा वर्ग. हे काम जगभरच्या लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर वाटून चालतं. जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च या उपक्रमात मे २००४ मध्ये जोश फिंडली यांच्या मशीनवर ही संख्या सापडली. खरा कस लागतो तो इथे. त्या तुलनेत तिचं देवळालीपण तपासणं फारच स्वस्त, ते आता बघू.

आधी मधल्या आकाराची एक मर्सेन: २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७. ही मूळ आहे हे ऑयलरनं १७७२ मध्ये दाखवलं. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ती वेगळ्या कारणानं पाठ असते, ३२ बिटांत चिन्हासकट मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच. दहा अंक, म्हणजे अंकांची बेरीज फार तर ९०, अजूनही शंभराच्या आत. शेपूट दोन अंकांचंच पुरेल.

डोकं २१४७४८३६, बेरीज ३५. शेपूट ४७. पहिली शक्यता: ४७ − ३५ = १२. बाराचा जनक ६. म्हणजे २१४७४८३६०६ हा जनक. त्याच्या अंकांची बेरीज ४१, मिळवून बघा. दुसरी शक्यता: १४७ मधून नव्या डोक्याची बेरीज ३४ वजा, ११३. ११३ चा जनक ९७, कारण ९७ + १६ = ११३. म्हणजे २१४७४८३५९७ हाही जनक. त्याची बेरीज ५०, तीही मिळवून बघा. दोन्हीकडून जनक सापडला! २१४७४८३६४७ ही देवळाली तर नाहीच, उलट जंक्शन आहे.

लहान मर्सेन मूळ संख्यांत ३, ७ आणि ३१ देवळाली आहेत. पुढे १२७ चा जनक १२२, ८१९१ चा ८१६८, १३१०७१ चा १३१०६०, ५२४२८७ चा ५२४२६४. हे चारही स्वतः पडताळा, पायरी ३ चा चांगला सराव होईल. करताना एक लक्षात येईल: ७ च्या पुढच्या प्रत्येक मर्सेन मूळ संख्येला नवानं भागलं की बाकी १ किंवा ४ च उरते. कारण ३ पेक्षा मोठी मूळ संख्या सहानं भागली की १ किंवा ५ उरतात, आणि दोनच्या घातांच्या नवाच्या बाक्या दर सहा घातांनी फिरून येतात.

पायरी ६: आता ७२ लाख अंक

कागदावर जमेल तेवढं आधी कागदावरच करा. घात २,४०,३६,५८३, अंकांची बेरीज ३१, तीननं भागून बाकी १, आणि घात विषम, म्हणून सहानं भागून बाकी १. तेव्हा संख्येची नवाची बाकी २ − १ = १. नाशिक रोडच्या पिनकोडचीही १ च होती. म्हणजे जनक असलाच तर त्याच्या अंकांच्या बेरजेची बाकी ५ हवी.

शेवटचे अंकही हातानं निघतात. दोनच्या घातांचे शेवटचे दोन अंक (४ पासून पुढे) दर वीस घातांनी फिरून येतात. ८३ मधून वीसच्या पटी काढल्या की ३ उरतात, २ चा तिसरा घात ०८, वजा १, म्हणून संख्या ०७ नं संपते. थोडं आणखी पुढे गेलं तर शेवटचे तीन अंक ४०७ मिळतात. सुरुवातीचे अंक लॉगरिदमवरून काढता येतात: २९९.

आता शेपूट. ७२,३५,७३३ अंकांची बेरीज फार तर ६,५१,२१,५९७. साडेसहा कोटी, म्हणजे दहा कोटींच्या आत. शेपूट आठ अंकांचं तोडलं की झालं. बाकी कृती पिनकोडची होती तीच:

शेवटचे आठ अंक वेगळे काढा. डोक्याच्या अंकांची बेरीज करा, ७२ लाख अंकांची. हे एवढं एकच काम लांबलचक, पण कॉम्प्युटरला ते क्षणाचं आहे. ती बेरीज शेपटातून वजा करा. उत्तर ऋण आलं तर पहिली शक्यता बाद, नाहीतर जे उरेल त्याचा आठ अंकी जनक शोधा. मग शेपटात दहा कोटी मिळवा, डोकं एकनं कमी करून त्याची बेरीज वजा करा, आणि उरलेल्याचाही आठ अंकी जनक शोधा. आठ अंकांच्या जनकाची बेरीज फार तर ७२, म्हणजे प्रत्येक बाजूला नवाच्या बाकीनं उरतात फक्त आठ उमेदवार. दोन्ही मिळून सोळा. ७२ लाखांचे सोळा झाले. या सोळांपैकी एकही जुळत नाही, म्हणून ही संख्या देवळाली.

पायथॉनमध्ये करणार असाल तर दोन अडचणी येतील. नव्या आवृत्त्या ४३०० पेक्षा जास्त अंकांची संख्या दशमान अक्षरांत बदलू देत नाहीत, ती मर्यादा आधी उठवावी लागते. आणि ती उठवली तरी साध्या पद्धतीनं हे रूपांतर फार रेंगाळतं, कारण कॉम्प्युटरकडे संख्या दोनच्या पद्धतीत असते, ओळीनं २,४०,३६,५८३ एक, जेमतेम ३० लाख बाइट. तिचे दहाच्या पद्धतीतले अंक काढणं हेच खरं काम. जीएमपी ही मोफत लायब्ररी वापरा, तिथे ते पटकन होतं. अंक हाती आले की पुढे जाण्याआधी चार गोष्टी बघा: अंक ७२,३५,७३३ आहेत, सुरुवात २९९, शेवट ४०७, आणि सगळ्या अंकांच्या बेरजेला नवानं भागून १ उरतो. एक जरी जुळलं नाही तर रूपांतरातच गडबड आहे.

तुमचा प्रोग्राम थेट मोठ्या संख्येवर सोडू नका. आधी २१४७४८३६४७ द्या. दोन जनक आले पाहिजेत. एकच आला तर हातच्याची शक्यता लिहायची राहिली. मग ४२२००८ द्या. ४२२००० आला नाही तर शून्याची सूचना राहिली. मग ४२२०१३; काहीच येता कामा नये. ही तीन उत्तरं बरोबर आली की ७२ लाख अंकी संख्या द्यायला हरकत नाही.

ते जमलं की पुढचं काम तयार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. अंकांची बेरीज फार तर ३६,९२,१८,८८०, म्हणून इथे शेपूट नऊ अंकांचं तोडायचं. नवाची बाकी ४, जनकाच्या बेरजेची बाकी २ हवी, संख्या ५१ नं संपते, आणि उमेदवार दोन्ही बाजूंचे मिळून अठरा.